थांबण्याची ऐपत

दिगू,

तुझ्या तेराव्याला पाटणकर आला होता.

पांढरा सदरा घालून आला. चपला दाराबाहेर एका बाजूला नीट काढल्या, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसला. कोणाशी फारसं बोलला नाही. शैला वहिनींनी आग्रह केला तेव्हा जेवला, पानात काही टाकलं नाही. निघताना वहिनींपुढे उभा राहून म्हणाला, "वहिनी, प्लॉटचा विषय मी काढणार नाही. वर्ष जाऊ दे, दोन जाऊ देत. कशाचीही घाई नाही."

वहिनींना ते बरं वाटलं. मला म्हणाल्या, माणूस चांगला आहे. माणूस चांगला आहे हे मलाही मान्य आहे. तरी त्याचं ते वाक्य ऐकून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तू असतास तर मला कोपराने ढोसलं असतंस. "बघ ऑडिटर, बघून घे. याला म्हणतात थांबणं."

आपलं भांडण इथंच अडलं होतं. पंधरा वर्षं ते चालू होतं, मध्येच महिना महिना झोपी जायचं आणि चहाच्या टेबलावर पुन्हा उठून बसायचं. आता ते मला एकट्याला चालवायचं आहे आणि एकट्याने भांडायची मला सवय नाही.

सुरुवात तुला आठवत असेल. वागळे इस्टेटमधल्या आपल्या कंपनीत मालकांच्या केबिनमध्ये रंगीत टीव्ही आला होता. आपल्यापैकी कोणाच्याच घरी तो नव्हता. कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, मालकांत आणि आपल्यात फरक किती, तर दोन शून्यांचा. मी अकाउंट्समध्ये, तेव्हा मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी म्हटलं, फरक शून्यांचा नाही, सुरुवातीचा आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना शेड दिली, आपल्या वडिलांनी आपल्याला सल्ला दिला. सगळे हसले. तू हसला नाहीस. तू स्टोअर्सचा माणूस, जपून बोलायचास. म्हणालास, "माझ्या स्टोअरमध्ये तांब्याची तार दोन वर्षं पडून आहे. भाव खाली आलेला तेव्हा घेतली. मालक ती हलवत नाहीत. भाव येईल तेव्हाच विकतील. तुझी असती तर तू दिवाळीला विकून मोकळा झाला असतास. फरक धीराचा आहे रे. ते थांबतात. आपण थांबत नाही."

त्या तारेतून आपला प्लॉट निघाला. तू वर्षभर लोकांच्या मागे लागलास. स्टोअर्स, अकाउंट्स, टूलरूम, टायपिंग अशा सगळ्या खात्यांतून वीस माणसं गोळा केलीस. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आत, एका आगरी शेतकऱ्याचं भाताचं शेत ठरलं. माणशी नऊ हजार. मी माझे दोन हप्त्यांत भरले, तू एकदम भरलेस आणि त्यानंतर दोन वर्षं एकाच पँटवर ऑफिसला आलास. गृहनिर्माण संस्था काढायची, जमीन बिनशेती करून घ्यायची, वीस घरांची इमारत बांधायची. संस्थेला तू 'धीर' असं नाव सुचवलंस, ते आम्ही हाणून पाडलं. धीर सोसायटी, डोंबिवली पूर्व! पोस्टमन हसून मेला असता. शेवटी चारचौघांसारखं एक नाव पडलं आणि तू सेक्रेटरी झालास.

दरवर्षी दसऱ्याला आपण सभासद प्लॉटवर जमायचो, ही प्रथा तूच पाडलीस. बाकीचे लोक नव्या घरात, नव्या दुकानात नारळ फोडतात. आपण चिखलात उभे राहून हद्दीच्या दगडाला हळदकुंकू लावायचो, आपट्याची पानं वाटायचो आणि पिशवीतून नेलेले बटाटेवडे खायचो. शेतकऱ्याने आपल्याला परवानगी येईपर्यंत भात लावू का म्हणून विचारलं होतं, तू लाव म्हणालास. त्यामुळे पहिली काही वर्षं दसऱ्याला आपल्या इमारतीच्या जागी गुडघ्याएवढं भात असायचं आणि आपण बांधावर एका ओळीत उभं राहायचो. वडा कागदात धरून तू म्हणायचास, "शांतपणे खा. आपल्याला कुठं जायचंय?" त्या दुपारच्या दोन-तीन तासांसाठी मी तुझं देणं लागतो. पगार, हप्ता, रेशन यांच्या बाहेर माझ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. त्या बांधावर उभं राहिलं की मला माझं वय कमी झाल्यासारखं वाटायचं.

पाटणकर तिसऱ्या वर्षी उगवला. शेजारचं शेत त्याच्या शेठने घेतलं होतं. शेठ बिल्डर, पाटणकर त्याचा जागेची कामं बघणारा माणूस. आपल्याच वयाचा, पगारदार, डोंबिवलीतच दीड खोलीत राहणारा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मिठाईचा पुडा घेऊन तो तुझ्या वर्तकनगरच्या घरी आला. कोणाला हिस्सा विकायचा असेल तर शेठ घेतील, एवढंच म्हणाला. तू पुडा परत केलास. त्याला राग आला नाही. पुडा पिशवीत घातला, चहा घेतला आणि गेला. पुढच्या दिवाळीला पुन्हा आला, या वेळी पुड्याशिवाय. नंतर दरवर्षी येत राहिला. एकदा तर वहिनी म्हणाल्या, पाटणकर आले नाहीत अजून, फराळ काढून ठेवलाय.

एक गोष्ट मी तुला तेव्हाही सांगत होतो, आत्ताही सांगतो. शेठची फाइलही तिथंच अडकली होती जिथं आपली अडकली होती. कमाल जमीन कायदा त्यालाही होता, बिनशेतीची परवानगी त्यालाही हवी होती. कचेरीतला कारकून त्यालाही पुढच्या महिन्यात या म्हणायचा. उशीर दोघांना सारखा होता. तू म्हणायचास, "तेच म्हणतोय मी. त्याला जमतं, मग आपल्याला का जमू नये?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. एखाद्या ताळेबंदात दोन्ही बाजूंची बेरीज जुळते आणि तरीही आत कुठंतरी खोट आहे असं वाटत राहतं, तसं.

पहिला गेला सप्रे. रविवारची सकाळ होती, मी तुझ्याकडेच बसलो होतो. सप्रे आला आणि अर्धा तास क्रिकेटवर बोलला. खिशात राजीनामा होता. त्याच्या मुलाला खासगी कॉलेजात इंजिनियरिंगला जागा मिळत होती आणि डोनेशन शुक्रवारपर्यंत भरायचं होतं. शेवटी कागद काढून म्हणाला, "दिगंबर, मी गद्दार नाही रे."

तू कागद घेतलास, न वाचता बाजूला ठेवलास. "गद्दार कसला? पोरगा इंजिनियर झाला की आपल्या बिल्डिंगवर देखरेख त्यालाच देऊ. फुकट करून घेऊ त्याच्याकडून. चहा घे."

तो गेल्यावर तू कप आत ठेवून आलास. मग म्हणालास, घाई केली त्याने, एक वर्ष थांबायला हवं होतं. मी म्हटलं, पोरगं थांबेल, कॉलेज थांबणार आहे का? तू म्हणालास, मी नेहमी गरजवंताची वकिली करतो. मी म्हटलं, गरजवंताला दुसरा वकील नसतो. त्या दिवशी आपण जेवताना एकमेकांशी बोललो नाही, वहिनींनीच दोघांना वाढलं आणि दोघांना टोमणे मारले.

मग एकेक जण गेला. टायपिंगच्या तांबे बाई आईच्या दुखण्यासाठी गेल्या. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी राहत्या खोलीचा मालक जादा पागडी मागू लागला म्हणून. एकही जण हौसेसाठी गेला नाही, एकानेही स्कूटर घेतली नाही. पाटणकरने कोणाला फसवलं नाही. पैसे त्याच दिवशी देत असे. भाव बाजारापेक्षा थोडा कमी असायचा, आणि गरज जितकी जवळ आली असेल तितका तो आणखी कमी व्हायचा. तो काही विचारत नसे. माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळत असावं. गेलेल्या प्रत्येकाच्या जागी शेठच्या घरातलं कोणीतरी सभासद होत गेलं. शेठचा मेव्हणा, शेठची सून. दसऱ्याला ते येत नसत.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा माझाही राजीनामा लिहून तयार होता. तुला कुठून कळलं ते मला आजही माहीत नाही. तू दोन दिवस रजा टाकलीस, पतपेढीच्या कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी गेलास, माझं कर्ज मंजूर करून घेतलंस, जामीन स्वतः राहिलास. मी आभार मानायला लागलो तर म्हणालास, "आभार कसले, तू गेलास तर मीटिंगची मिनिट्स कोण लिहिणार?" मी आज सभासद आहे तो त्या दोन दिवसांमुळे. तू माझ्यासाठी जे केलंस ते तू मला तुझ्यासाठी करू दिलं नाहीस. याचा राग मला आहे आणि तो मी लपवणार नाही.

नव्वदीनंतर कंपनीला टाळं लागलं. आपण वर्षभर गेटवर बसलो, मग घरी बसलो. जे काही हातात आलं ते तुझ्या अनघाच्या लग्नात आणि दोन वर्षांच्या संसारात गेलं. मी एका वकिलाकडे हिशेब लिहायला लागलो, तू एका औषधांच्या गोदामात. कंपनी आपली बंद झाली तशी मालकांचीही बंद झाली. पण त्यांचं काय झालं ते तू बघितलंस. गेटला गंज चढला, शेडचे पत्रे उडाले, आणि आतल्या जमिनीचा भाव दर दिवाळीला वाढत गेला. मालक पूर्वीसारखेच संध्याकाळी क्लबात जात होते. एकदा गोखले रोडवर आपल्याला भेटले, गाडी थांबवून खाली उतरले, तुझ्या खांद्यावर हात ठेवून अनघा कशी आहे विचारलं. नाव लक्षात होतं त्यांच्या. गाडी गेल्यावर तू म्हणालास, "बघितलंस? चेहऱ्यावर एक रेष नाही. धीर आहे माणसात." मी म्हटलं, चेहऱ्यावर रेष यायला आधी झोप उडावी लागते. तू म्हणालास, तू जळतोस. असेन.

तोपर्यंत आपले अकरा उरले होते आणि त्यांचे नऊ झाले होते.

आता त्या संध्याकाळबद्दल. तलावपाळीच्या कट्ट्यावर आपण बसलो होतो. तू खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली होतीस आणि स्वतः न खाता मलाच देत होतास. जिना चढताना तुझ्या छातीत कळ यायची, डाव्या हातापर्यंत जायची, हे मला वहिनींकडून कळलं होतं. तपासण्या झाल्या होत्या. तीन नळ्या बंद. बायपास, सव्वा लाख.

"डॉक्टरांना मी विचारलेलं, थांबता येईल का," तू म्हणालास. "म्हणाले, गोळ्यांवर काही महिने निघतील."

"आणि पुढे?"

"पुढे नेहमीचंच."

"दिगू, पुढे काय म्हणाले?"

"म्हणाले, पण थांबू नका."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या पाटणकरला बोलाव. हिस्सा दे, ऑपरेशन कर, वर चार पैसे उरतील. तू मान हलवलीस. फाइल मंत्रालयातून खाली उतरली आहे असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. परवानगी आली की हिश्शाचा भाव तिप्पट होणार होता. मी म्हटलं, भाव गेला खड्ड्यात. मग तू खरं कारण काढलंस.

"मी गेलो की दहा-दहा होतात. आणि मी सेक्रेटरी. सेक्रेटरीने विकलं म्हटल्यावर उरलेले दुसऱ्या दिवशी पाटणकरच्या दारात रांग लावतील. जो शेवटी पोचेल त्याला मातीचा भाव मिळेल. दहा घरांचं मी काय करू ते सांग."

"मग माझ्याकडून घे."

"तू कुठून देणार?"

मी पुडीतला आणखी एक दाणा उचलला.

"तुझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे. तू तुझा हिस्सा विकून मला देणार. म्हणजे माझ्याऐवजी तू गेलास. बेरीज तीच आली ना रे, ऑडिटर?"

आयुष्यभर बेरजा केल्या मी. त्या बेरजेत मला चूक दाखवता आली नाही. तू पुडीचा कागद नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मी थांबू शकतो. तेवढा धीर आहे माझ्यात."

वहिनी तुझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. अनघा पुण्याहून येऊन रडून गेली. तू सगळ्यांना तेच सांगितलंस, फाइल खाली उतरली आहे. दर सोमवारी गोदामातून अर्धी रजा काढून तू कल्याणला कचेरीत जात होतास, जिने चढत होतास. त्या जिन्यांवर तू किती वेळा थांबलास ते तू कोणाला सांगितलं नाहीस.

रविवारी सकाळी वहिनींचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा तू मोरीसमोरच्या आरशाखाली होतास. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण वाळला होता. डॉक्टर येऊन गेले होते. तुझं तोंड वेडंवाकडं झालं नव्हतं, जरा वैतागल्यासारखं दिसत होतं, कोणीतरी मध्येच हाक मारावी तसं. नातेवाईक जमायला वेळ होता. वहिनी म्हणाल्या, यांना असं नेऊ नका. तेव्हा उरलेली दाढी मी केली. दुसऱ्याची दाढी कधी केली नव्हती म्हणून हळूहळू केली. हनुवटीखाली थोडी राहिली असेल, तेवढी सांभाळून घे.

फाइल खाली उतरली नव्हती. मी नंतर जाऊन आलो. ती होती तिथंच आहे.

आणखी एक सांगतो, ऐकून घे. तेरावं झालं त्याच आठवड्यात आपल्या दहांपैकी एकाने पाटणकरकडे भावाची चौकशी केली. नाव सांगत नाही. तू त्यालाही चहा पाजला असतास आणि त्याच्या मुलाला बिल्डिंगवर देखरेखीला ठेवलं असतंस. मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. ज्या दहा घरांसाठी तू जिने चढलास त्यातलं पहिलं दार इतक्या लवकर उघडलं. त्या माणसाचीही काहीतरी गरज असेल. आपल्यात गरज नसलेला कोण आहे?

महिना झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजी, पाटणकरांना फोन करा."

मी त्यांना समजावू लागलो. तो स्वतःच वर्षभर थांबतो म्हणालाय, निदान परवानगीचं काय होतं ते बघू, आत्ता दिलं तर भाव पडून मिळेल. मी बोलत होतो आणि माझ्याच तोंडातून तुझी वाक्यं बाहेर पडत होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"यांना थांबायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला नाही थांबायचं."

पाटणकर आला. कागद तुझ्याच टेबलावर ठेवले. त्याने सांगितलेला आकडा गेल्या दिवाळीपेक्षा कमी होता. मी घासाघीस केली. तुला ती आवडली नसती, तुला वाटलं असतं ऑडिटर मंडईत आल्यासारखा करतोय. पण मी सोडलं नाही. मी म्हटलं, पाटणकर, तुम्ही या घरात बारा वर्षं चहा प्यायलाय. तेव्हा तो थोडा अस्वस्थ झाला. पेनाचं टोपण लावून म्हणाला, "भाऊ, मी पण नोकरीच करतो. माझ्या हातात असतं तर मी वहिनींना मागतील तेवढे दिले असते. पण शेठच्या अशा चौदा जागा आहेत. ही आज नाही मिळाली तर त्यांचं काही अडत नाही. मागच्या वेळी मी नाव घेतलं तर त्यांना ही कुठली तेच पटकन आठवेना."

मग तो खाली जाऊन फोन करून आला आणि आठ हजार वाढवून मिळाले.

दिगू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. त्याला जमतं मग आपल्याला का जमू नये, असं तू विचारायचास. चौदा जागा असलेला माणूस एका जागेसाठी थांबत नसतो, तो तिला विसरलेला असतो. त्याला धीर धरावा लागतच नाही. आपल्याकडे एक जागा, एक नोकरी, एक छाती. त्यात आपण थांबतो असं तुला वाटत होतं, पण आपण अडकलो होतो. उशीर दोघांना सारखा होता, पण त्याचा उशीर त्याच्या जमिनीत मुरत होता आणि आपला आपल्या अंगात. थांबणं हा स्वभाव आहे असं समजून तू तो अंगी बाणवायला गेलास. तो स्वभाव नव्हता रे. ती ऐपत होती आणि ती आपली नव्हती. मालक थांबत होते तारेसाठी, छातीसाठी नाही. त्यांच्या छातीत दुखलं असतं तर ते त्याच संध्याकाळी ऑपरेशनच्या टेबलावर असते आणि तार तशीच स्टोअरमध्ये पडून राहिली असती.

हे मला तलावपाळीवर सुचलं असतं तर तू ऐकलं असतंस का, कोण जाणे. तू म्हणाला असतास, छान बोललास, मिनिट्समध्ये लिही.

पण माझ्या वाटेला उत्तर आलं म्हणून मी जिंकलो असं समजू नकोस. तू चुकलास आणि दहा घरांसाठी चुकलास. मी बरोबर आहे आणि माझ्या बरोबर असण्याचा कोणाला एक पैशाचा उपयोग झाला नाही. आपल्यासारख्यांत सगळे जर माझ्यासारखे हिशेबी असते तर तो प्लॉट एका दिवाळीतच गेला असता. तुझ्यामुळे तो बारा-पंधरा वर्षं आपला होता. हे मी खर्चाच्या बाजूला लिहू की जमेच्या, मला ठरवता येत नाही.

सही झाल्यावर दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, मला एकदा ती जागा बघायची आहे. तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांत त्या तिथं एकदाही गेल्या नव्हत्या. पाया खणला की नेईन, असं तू त्यांना सांगत आला होतास.

मी त्यांना घेऊन गेलो. रिक्षा मानपाडा रस्त्यावर सोडली, आत चालत गेलो. शेतकऱ्याने भात लावणं केव्हाच सोडलंय, आता नुसतं गवत आहे. शेजारी शेठच्या जागेला तारेचं कुंपण झालंय. वहिनींनी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आमचं कुठं होतं, विचारलं. चिठ्ठ्या टाकून घरं ठरवली तेव्हा तुला दुसऱ्या मजल्यावरचं, पूर्वेच्या कोपऱ्यातलं आलं होतं. मी त्यांना त्या कोपऱ्यात नेलं. जिना इकडून आला असता, म्हटलं. इथं दार, ही बाहेरची खोली, तिकडे स्वयंपाकघर. मग हात वर करून दाखवलं, साधारण इतक्या उंचीवर.

वहिनी मान वर करून तिथं बघत राहिल्या. तिथं काही नव्हतं. मीही हात खाली घ्यायला विसरलो.

"उजेड चांगला आला असता," त्या म्हणाल्या.